दुसरी पंगत

आमचे घर रहिमतपुरातील जुन्या वळणाचे. पुढे ओसरी, मध्ये चौक, मागे परसू; आणि दिवाळीत सर्व मंडळी जमली म्हणजे पानांची संख्या चाळिशीच्या घरात जाते. एवढी माणसे एका छपराखाली नांदतात, भांडतात, पुन्हा एकत्र जेवावयास बसतात. त्यामुळे माणसांच्या दाटीचे आम्हांस भय वाटू नये, हे खरे. परंतु 'गर्दी' हा शब्द कोणी उच्चारला की आमच्या सौभाग्यवतींचा चेहरा आजही उतरतो. त्यास कारण तसेच आहे.

आमच्याच सातारा जिल्ह्यात, वाई तालुक्यातील मांढरदेव येथे, काळूबाईच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी जे घडले ते वाचकांच्या स्मरणात असेलच. पौषी पौर्णिमेचा दिवस, डोंगरमाथ्याकडे जाणारी अरुंद वाट, दोन्ही बाजूंस दुकाने, आणि फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या. सुमारे तीनशे माणसे त्या दिवशी मेली. आमच्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाई त्या यात्रेस गेल्या होत्या. त्या परत आल्या; त्यांच्यासोबत गेलेली धाकटी बहीण आली नाही. पंधरा दिवसांनी त्या कामावर आल्या, तेव्हा सौभाग्यवतींनी त्यांना माजघरात बसवून चहा दिला. त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होत्या : "तिचा हात माझ्या हातात होता हो, काकू." ते वाक्य आमच्या घराच्या भिंतींत मुरले. तेव्हापासून यात्रा, मिरवणूक, मेळावा यांपैकी कशासही मुलांना पाठवावयाचे नाही, असा अलिखित नियम झाला आणि तो कोणी मोडलाही नाही.

अशा घरात फुटबॉल शिरला तो मुलांच्या आजोळच्या वाटेने. आमच्या थोरल्या सूनबाईंचे माहेर कोल्हापूरचे. रहिमतपूरचे स्थानक पुणे-मिरज लोहमार्गावर असल्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत दोघा नातवांना गाडीत बसवून दिले की कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज करीत ते कोल्हापुरास मामाच्या घरी पोहोचत. परत येत ते अंगाने रापून आणि तोंडात भलतीच नावे घेऊन. कोल्हापुरात हा खेळ तालमींचा आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे ऐकून आम्हांस प्रथम वाटले की मुले कुस्ती पाहून आली. वस्तुस्थिती अशी की ज्या तालमींच्या तांबड्या मातीत पहिलवान घुमले, त्यांच्याच नावांनी तेथे फुटबॉलचे संघ उतरतात. आणि पेठेतील आबालवृद्ध आपल्या तालमीचा सामना म्हटला की हातातले काम टाकून शाहू स्टेडियमची वाट धरतात. धाकट्या नातवास पावकी-निमकी कधी आली नाही; परंतु कोणत्या तालमीकडून कोण कोणत्या जागी खेळतो हे तो झोपेतही सांगत असे.

सन २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशात भरली. यजमान म्हणून आपला संघ प्रथमच अशा स्पर्धेत उतरला, आणि त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. मग काय विचारता! आपले तिन्ही सामने दिल्लीस झाले व तिन्हींत आपण हरलो, तरी मुलांचा उत्साह तिळभर ओसरला नाही. स्पर्धेतील काही सामने नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होते, आणि उपांत्य सामन्यांपैकी एक, माली विरुद्ध स्पेन, २५ ऑक्टोबरच्या रात्री आठ वाजता तेथेच व्हावयाचा होता. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १९ तारखेस व भाऊबीज २१ तारखेस होती. शाळांना सुट्टी. आमचे धाकटे चिरंजीव ठाण्यास असतात. त्यांनी चार तिकिटे काढून ठेवली आणि मग घरी कळविले.

घरात दोन दिवस अबोला होता. कारण २९ सप्टेंबर रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड व परळ या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे मेली होती. सकाळची कामावर जाण्याची वेळ, वरून पाऊस, पावसामुळे जिन्यावर खोळंबलेले लोक, आणि गाड्यांमागून गाड्या येऊन उतरणारे आणखी लोक. सौभाग्यवतींनी ते वर्तमानपत्र जपून ठेवले होते. त्या रागावल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. आम्ही सकाळी चहास बसलो तेव्हा घडी घातलेला तो अंक आमच्यापुढे ठेवून त्या आत निघून गेल्या. दाराआड दोन्ही नातू उभे होते. आम्ही बराच वेळ विचार करून सांगितले, "आम्ही स्वतः बरोबर जातो. धाकट्याचा हात क्षणभरही सोडणार नाही." आयुष्यभर शाळेत गणित शिकविलेल्या माणसाने असे बेहिशेबी वचन द्यावयास नको होते, परंतु दिले खरे.

जाताना सर्व सुखाचे झाले. ठाण्याहून नेरुळकडे लोकल गाडी निघाली तेव्हा डब्यात निळे, तांबडे, पिवळे सदरे घातलेली मुले होती. कोणाच्या गालावर रंग, कोणाच्या हाती पिपाणी. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी स्थानके मागे पडत गेली व प्रत्येक ठिकाणी आणखी थोडी मुले चढत गेली. थोरल्यास आम्ही १९११ सालची कलकत्त्याची हकीकत सांगितली. मोहन बागानने इंग्रजी पलटणीच्या संघास हरवून आय. एफ. ए. शिल्ड जिंकली, तो सामना पाहण्यास बंगालभरातून लोक आले; त्यांच्यासाठी जादा आगगाडी व आगबोटी सोडाव्या लागल्या होत्या. तात्पर्य, फुटबॉल व आगगाडी यांचे नाते शंभर वर्षांचे आहे. नातवाने शांतपणे विचारले, "आणि आप्पा, परत जाताना?" आम्हांस उत्तर सुचले नाही. प्रश्न किती मर्मावर होता, हे चार तासांनी कळले.

आम्ही साडेपाचलाच पोहोचलो. लोक चार वाजल्यापासून येत होते ते आठपर्यंत येतच राहिले. कोणी आधी वडापाव खाऊन, कोणी मित्राची वाट पाहून. पागोळ्या गळाव्यात तशी ती माणसे गळत होती. त्यामुळे दारे तीच, वाट तीच असूनही कोठे अडचण म्हणून झाली नाही. सामना उत्तम झाला. स्पेनने तीन व मालीने एक गोल केला. मालीचा एक दुरून मारलेला फटका वरच्या दांडीस लागून रेषेच्या आत पडला होता, तो गोल पंचांनी दिला नाही, म्हणून आमच्या भोवतालची सर्व मंडळी क्षणात मालीच्या पक्षाची झाली. आम्हीही उभे राहून ओरडलो, हे येथे कबूल करतो.

पंचाची शेवटची शिट्टी झाली आणि चार तासांत आलेले सर्व लोक एकाच घटकेस उठले. चिरंजीव म्हणाले, "आप्पा, थोडे बसू या." आम्ही ऐकले नाही. रात्रीची वेळ, मुले बरोबर, गाडी चुकली तर काय, असे म्हणून आम्हीच सर्वांना उठविले. पुढे जे झाले त्याचा दोष दुसऱ्या कोणास देता येणार नाही; तो आमच्या घाईचा होता.

रस्ता रुंद होता तोवर चालणे सुखाचे होते. पुढे एका जिन्यापाशी तो रुंद रस्ता दोन हातांचा झाला. पहिल्या दहा पायऱ्या आम्ही चढलो. अकरावी चढलो असे म्हणता येणार नाही, आम्हांस कोणीतरी चढविले. छाती पुढच्याच्या पाठीस टेकली, मागच्याचा श्वास मानेवर येऊ लागला, आणि पाय कोठे ठेवावा हे ठरविण्याचा अधिकार आपला राहिलेला नाही हे ध्यानात आले. कोणी वाईट नव्हते. कोणी शिवी दिली नाही. मागचे गाणी गात होते. पुढे काय चालले आहे याची त्यांना गंधवार्ता नव्हती. उजव्या पायातील वहाण गेली. ती शोधण्यास आम्ही किंचित वाकलो मात्र, तोच घामेजलेल्या मुठीतून धाकट्याचा हात निसटला.

तो क्षण किती लांब होता हे सांगता येत नाही. आम्हांस वळता येईना, हाक मारण्यापुरता श्वास मिळेना. बारा वर्षांपूर्वी माजघरात ऐकलेले ते वाक्य तेवढे कानात घुमत होते. थोरला म्हणतो की आम्ही त्याच्या दंडास इतके घट्ट धरले होते की दुसऱ्या दिवशीही त्यावर वळ दिसत होते.

मग वरच्या पायरीवरून कोणी एक तरुण ओरडला, "थांबा! मागे सांगा, थांबा!" त्याच्या मागच्याने तेच वाक्य मागे दिले, त्याने आणखी मागे, पाण्याची घागर हातोहात जावी तसा तो निरोप जिना उतरून रस्त्यापर्यंत गेला. गाणे थांबले. रेटा सैल झाला. एक पाऊल टाकण्यास जागा झाली, मग दोन. आम्ही कडेला येऊन खाली पाहतो तो धाकटा जिन्याच्या कठड्यास पाठ लावून, दोन्ही हात छातीशी धरून, आठ पायऱ्या खाली उभा. रडत नव्हता. आम्ही जवळ जाताच म्हणाला, "आप्पा, मामानं सांगितलंय, हात सुटला तर ओढाओढ करायची नाही. हात छातीशी घ्यायचे, हळूहळू कडेला सरकायचं, आणि खाली पडलेलं काही उचलायला वाकायचं नाही." शेवटचे वाक्य बोलताना त्याने आमच्या अनवाणी पायाकडे पाहिले. आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरे काही करणे त्या वेळी शक्य नव्हते.

मग आम्ही चौघे एका दुकानाच्या पायरीवर पाऊण तास बसून राहिलो. त्यानंतर जी गाडी मिळाली तिच्यात आम्हांस बसावयास जागा होती.

रहिमतपुरास परतल्यावर तीन दिवस आम्ही हे कोणास सांगितले नाही. चौथ्या दिवशी दुपारी सौभाग्यवती पाने आटोपून माजघरात टेकल्या होत्या, तेव्हा सर्व सांगितले; हात सुटला हेही. आम्हांस वाटले आता फुटबॉलचे दार कायमचे बंद झाले. त्या बराच वेळ पदराशी चाळा करीत बसल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही पहिल्या पंगतीला उठलात, तिथे चुकलं. या घरात चाळीस पाने एका वेळी कधी मांडली आहेत का? ओसरीवर पंधरा बसतात. पंधरा उठतात, शेण फिरतं, मग पुढची पंधरा. पुढची पंगत दारात येऊन उभी राहिली तर वाढणारणीच्या अंगावर आमटी सांडते. तुम्ही दुसऱ्या पंगतीला निघायचं." आणि थोड्या वेळाने, "आम्ही बायका जन्मभर शेवटच्या पंगतीला जेवलो. आमचं काय अडलं? उशीर होतो एवढंच." त्या शेवटच्या वाक्यात आमच्यावर जे ओझे होते ते आम्ही निमूटपणे उचलले, कारण ते खोटे नव्हते.

त्या दिवशी आम्ही पाटी घेऊन त्रैराशिक मांडले. समजा, तीस हजार प्रेक्षक आहेत व त्यांपैकी दहा हजारांस आगगाडीने जावयाचे आहे. दर दहा मिनिटांस एक गाडी येते व ती आणखी दोन हजार माणसे घेऊ शकते. म्हणजे पाच गाड्या हव्यात. पहिली उभीच आहे असे धरले तरी शेवटची सुटावयास चाळीस मिनिटे लागणारच. दहा हजार माणसे जिन्यावर एकमेकांस रेटीत उभी राहिली काय, किंवा मैदानात शेंगा खात बसली काय, शेवटच्या माणसाची गाडी तीच. रेटल्याने गाडी लवकर येत नाही. फरक पडतो तो एवढाच की ती चाळीस मिनिटे कोठे काढावयाची, खुर्चीवर की जिन्यावर.

या विषयाचा अभ्यास केलेली मंडळी सांगतात की एका चौरस मीटरात पाच-सहांपेक्षा अधिक माणसे झाली की समुदाय माणसांचा राहत नाही, द्रवासारखा वागू लागतो. त्यात लाटा उठतात व त्या लाटेपुढे बळकट माणसाचेही काही चालत नाही. अशा ठिकाणी माणसे मरतात ती बहुधा तुडवली जाऊन नव्हे, तर उभ्याउभ्याच छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्यामुळे. आणि जागा बहुधा कोणती? बाहेर पडण्याची. स्कॉटलंडातील ग्लासगो शहरी, आयब्रॉक्स मैदानावर, २ जानेवारी १९७१ रोजी सहासष्ट प्रेक्षक मेले ते सामना संपून घरी जाताना, एका उतरत्या जिन्यावर. त्याच जिन्यावर दहा वर्षांपूर्वीही माणसे मेली होती. लंडनच्या वेम्ब्ली मैदानाबाहेर आता निराळी रीत आहे. स्थानकाकडे जाणाऱ्या रुंद रस्त्यावर पोलिस 'थांबा' व 'चला' अशा पाट्या घेऊन उभे राहतात आणि समुदायाचे तुकडे पाडून एकेक तुकडा पुढे सोडतात. आमच्या सौभाग्यवतींनी वेम्ब्लीचे नावही ऐकले नव्हते. परंतु ओसरीवरची पंगत आणि ती पाटी यांचे शास्त्र एकच आहे.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पंगत नीट उठावयास जेवणाराचा धीर लागतो तसा यजमानाचा बंदोबस्तही लागतो. एल्फिन्स्टनच्या पुलावरील माणसे घाईने मेली नाहीत; त्यांना थांबावयास दुसरी जागाच नव्हती. मांढरदेवच्या पायऱ्यांवरही नव्हती. इंग्लंडात शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी जी चेंगराचेंगरी झाली तिच्यात अखेरीस सत्त्याण्णव माणसे गेली, आणि पुढे कित्येक वर्षे दोष त्या प्रेक्षकांच्याच माथी मारला जात होता. मेलेल्यांच्या नातलगांनी सत्तावीस वर्षे झगडून २०१६ साली निकाल मिळविला की प्रेक्षक निर्दोष होते. म्हणून गर्दीत मेलेल्याविषयी "गेला कशाला मरायला?" असे आपण ओसरीवर बसून म्हणतो, ते म्हणण्यापूर्वी जिना किती रुंद होता हे विचारावे. चढणाऱ्यांचा व उतरणाऱ्यांचा जिना वेगळा आहे की नाही, सामना सुटण्याच्या वेळी जादा गाड्या उभ्या आहेत की नाहीत, पुढे वाट तुंबली तर मागच्यांना सांगणारा कोणी आहे की नाही, हे पाहणे प्रेक्षकाचे काम नव्हे. परंतु विचारणे त्याचे काम आहे.

पुढच्या वर्षी आम्ही मुद्दाम कोल्हापुरास जाऊन मुलांच्या मामांसोबत एक सामना पाहिला. तेथील प्रेक्षकांचा आवेश नेरुळच्या दसपट. दोन पेठांची ईर्ष्या अशी की मध्ये पोलिस उभे. तरीही सामना संपल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. शाहू स्टेडियम भरवस्तीत आहे, आणि बहुतेक लोक जसे पायी आले तसे पायीच, ज्याच्या त्याच्या पेठेच्या दिशेने, अनेक गल्ल्यांनी पांगत होते. तेथे सर्वांना मिळून एकच जिना चढावयाचा नव्हता. मामा मात्र जागचे हलले नाहीत. आम्ही विचारले तर म्हणाले, "चिडलेली पोरं आधी जाऊ देत. आपल्याला काय घाई आहे?" मुलांना कडेला सरकून उभे राहण्यास ज्यांनी शिकविले त्यांनी स्वतःही तेच केले, आणि हे ज्ञान त्यांना कोणत्या पुस्तकाने दिलेले नव्हते.

आता धाकटा नातू वीस वर्षांचा झाला आहे व कोल्हापुरास शिकतो. ४ जून २०२५ रोजी बंगळूरास क्रिकेटच्या विजयोत्सवात स्टेडियमबाहेर चेंगरून अकरा माणसे मेली. ते वर्तमानपत्रही सौभाग्यवतींनी घडी घालून ठेवले आहे. परंतु नातवास सामन्यास जाऊ नको असे त्यांनी सांगितले नाही. मोसमात सामना असला की संध्याकाळी त्या दूरध्वनी हाताशी घेऊन बसतात. सामना सुटला की तो आजीस दूरध्वनी करतो, हा त्या दोघांतला करार आहे. मागे एकदा तो दूरध्वनी आम्ही घेतला. पाठीमागे ढोल व आरडाओरडा ऐकू येत होता. आम्ही विचारले, "निघालास का?"

"नाही आप्पा, बसलोय. आजीला सांगा, पहिली पंगत उठतीय."